कुणाचं ऐकायचं?

आमच्या कॉलेजात लिनक्स आलं ते अभ्यासक्रमामुळे. आवड, तत्त्व, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ वगैरे गोष्टी कुणाच्या डोक्यातही नव्हत्या. बी.एस्सी.च्या मुलांना शेल प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिकं लागली, परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार, त्या दिवशी मशिनवर ते चाललं पाहिजे, एवढाच मामला. मी तिथे लॅब असिस्टंट. कीबोर्डच्या फटींतली धूळ झटकण्यापासून सर्व्हर उभा करण्यापर्यंत सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडायचं, तसं हेही पडलं.

तालुक्याच्या गावातली लॅब २००६-०७ साली कशी असायची, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला जरा सांगायला हवं. मशिनी २५६ एमबी मेमरीच्या. ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं, तेही ऑफिसातल्या एका मशिनला. तिथून लॅबपर्यंतची वायर आम्हीच खिडकीतून ओढलेली. भारनियमन रोजचं, आणि त्याचं वेळापत्रक पाठ होतंय तोवर बदलायचं. यूपीएस होता, पण बॅटऱ्या म्हाताऱ्या. लाइट गेली की मशीन नीट बंद करण्यापुरताही दम त्यांच्यात नसायचा. भरीला प्रत्येक पेनड्राइव्हमधून येणारा ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’. पिवळ्या फोल्डरचं चित्र लावून बसलेला हा व्हायरस. मुलं भाबडेपणाने त्यावर डबल क्लिक करायची आणि संध्याकाळपर्यंत अख्खी रांग आजारी पडायची. लिनक्सवर तोच फोल्डर आपल्या ईएक्सई या शेपटीसकट नुसता पडून राहायचा. विभागप्रमुखांना लिनक्स पटलं ते या एका मुद्द्यावर. बाकीचं मी बोललोच नाही.

आता कोणतं लिनक्स? हाताला लागेल ते. रेड हॅट ९च्या सीड्या त्या काळी लॅबा-लॅबांतून फिरत होत्या. ती २००३ची आवृत्ती. त्या मालिकेतली शेवटची. पुढे घरगुती वापरासाठी फेडोरा आलं, पण प्रात्यक्षिकांच्या गाइडात चित्रं रेड हॅट ९चीच असल्यामुळे आमच्याकडे ते बरीच वर्षं जिवंत राहिलं. उबुंटूची सीडी तर फुकट घरपोच यायची. पत्ता कळवला की काही आठवड्यांनी पाकीट दारात, आत सीडी आणि स्टिकर. मुलांनी स्टिकर सीपीयूवर चिकटवले, सीडी ड्रॉवरात गेल्या. डेबियन मात्र आलं ते पुण्यात नोकरीला लागलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून, डीव्हीडींचा संच म्हणून. ‘सर, ह्यात सगळंच आहे,’ तो म्हणाला. नेट नसलेल्या ठिकाणी ‘सगळंच आहे’ याची किंमत काय असते, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. तो याच लॅबमधून शिकून गेला होता.

तोवर आमचा अनुभव असा की एखाद्या सॉफ्टवेअरची आरपीएम फाइल कुठून तरी मिळवून चढवायला जावं, तर ती आणखी दोन फाइली मागायची. त्या आणाव्यात तर त्या आणखी चार. (खरं बोलायचं तर डेबियनची डीपीकेजी ही खालची आज्ञाही असंच अडून बसते. फरक पडतो तो तिच्या डोक्यावर बसलेल्या ॲप्टमुळे.) ॲप्टला डीव्हीडींची एकदा ओळख करून दिली की पुढचा हिशेब ते स्वतः करतं. या पॅकेजला ही लायब्ररी लागते, ती दुसऱ्या डीव्हीडीवर आहे, ती घाला आणि एंटर दाबा. गणिताच्या मॅडमना नूप्लॉट हवं होतं. त्यांनी सकाळी सांगितलं आणि दुपारच्या तासाला आलेख पडद्यावर होते. त्या म्हणाल्या, ‘डाउनलोड केलंत?’ मी म्हटलं, ‘नाही, कपाटातून काढलं.’

मुलं दरवर्षी विचारतात, ‘सर, सगळ्यात भारी डिस्ट्रो कोणतं?’ या प्रश्नाला पूर्वी मी उत्तर द्यायचो. आता उलटा प्रश्न विचारतो: तुझ्या वतीने निर्णय कुणी घ्यावेत असं तुला वाटतं? कारण कर्नल सगळीकडे तोच, लिनस तोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेला. जीसीसी तेच, बॅश तेच, लिबरऑफिस तेच. डिस्ट्रो म्हणजे या हजारो वस्तूंबद्दल दुसऱ्या कुणीतरी घेतलेले निर्णय. कोणती आवृत्ती घ्यायची, ती कधी बदलायची, सेटिंगची फाइल कुठे ठेवायची, वापरणाऱ्याला काय विचारायचं आणि काय न विचारता करून टाकायचं. इयन मरडॉक या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३मध्ये डेबियन जाहीर केलं, ते हे निर्णय एकट्यादुकट्याने न घेता सगळ्यांसमोर घ्यावेत म्हणून. त्याच्या आदल्याच महिन्यात पॅट्रिक व्होल्करडिंगचं स्लॅकवेअर आलं होतं, आणि ते आजही मुख्यतः त्या एका माणसाच्या विवेकावर उभं आहे. दोन्ही टिकली. म्हणजे एकच रीत खरी असं काही नाही. आपल्याला कुणाचं ऐकायला आवडतं, एवढंच.

डेबियनचं ऐकायला मी शिकलो ते भारनियमनात.

ओपनऑफिससारखं मोठं पॅकेज अद्ययावत होत असताना लाइट गेली, तर अर्धा माल नव्या जागी, अर्धा जुन्या. मशीन परत सुरू केली की आधी डिस्कची तपासणी चालायची. जर्नल असलेली एक्स्ट-३ फाइल प्रणाली ती पटकन उरकायची. मग ॲप्टला हात लावला की ते स्पष्ट नकार द्यायचं: डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं आहे, आधी अमुक आज्ञा स्वतः चालवा. ‘डीपीकेजी, हायफन हायफन कॉन्फिगर, हायफन ए.’ आमच्या मुलांना ही आज्ञा शेलच्या पहिल्या धड्याआधी पाठ झाली. काहींनी तर ती जर्नलच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती.

मला कुतूहल होतं की याला कळतं कसं? उत्तर एका साध्या मजकूर-फाइलमध्ये मिळालं. व्हार, लिब, डीपीकेजी या डिरेक्टरीत ‘स्टेटस’ नावाची फाइल असते. मशिनवरच्या प्रत्येक पॅकेजची त्यात नोंद असते आणि प्रत्येक नोंदीत ते पॅकेज सध्या कोणत्या अवस्थेत आहे ते लिहिलेलं असतं: उघडून ठेवलंय, पण जुळवणी बाकी आहे, जुळवणी अर्ध्यात राहिली, पूर्ण बसलं. प्रत्येक पायरीला आधी नोंद, मग कृती, मग पुन्हा नोंद. लाइट कुठेही गेली तरी काम नेमकं कोणत्या पायरीवर थांबलं होतं ते कागदावर असतं. आमच्या ऑफिसातले जुने हेडक्लार्क एकही फाइल नोंदीशिवाय टेबलावरून हलू देत नसत. डीपीकेजी त्यांच्याच तालमीत तयार झाल्यासारखं वागतं. ती फाइल मी मुलांना ‘लेस’मध्ये उघडून दाखवायला लागलो. संगणक आपल्याला दिसू न देता काहीतरी करतो, अशी जी एक भीती नवशिक्याला असते, ती ही फाइल वाचल्यावर बरीच ओसरते.

दुसरी गोष्ट सेटिंगच्या फाइलींची. समजा मी प्रॉक्सीची किंवा वेब सर्व्हरची एखादी फाइल हाताने बदलली आहे. वर्षभराने त्या पॅकेजची नवी आवृत्ती येते आणि तिच्यासोबत तीच फाइल नव्या रूपात येते. आता कुणाची ठेवायची? डेबियन इथे थांबतं आणि विचारतं. ही फाइल बसवल्यानंतर तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे, पॅकेज बांधणाऱ्याने नवी पाठवली आहे, काय करू? वाय दाबलं तर त्यांची, एन दाबलं तर तुमची, डी दाबलं तर दोन्हींतला फरक दाखवतं. आणि काहीच न सुचून नुसतं एंटर दाबलं तर तुमची फाइल तशीच राहते. मूळ फाइलचा ठसा म्हणून एक चेकसम डीपीकेजीने जपून ठेवलेला असतो. त्याच्याशी ताडून त्याला कळतं की यात माणसाचा हात फिरलाय. हा कुणा एकाचा चांगुलपणाही नाही. वापरणाऱ्याने केलेले बदल अद्ययावत करताना जपलेच पाहिजेत, असं डेबियनच्या नियमावलीत लिहिलेलं आहे आणि ते न पाळणारं पॅकेज सदोष धरलं जातं.

पण लॅबमध्ये त्या प्रश्नासमोर काय व्हायचं? रांगेतून आवाज यायचा, ‘सर, वाय दाबू का एन?’ पडद्यावर दहा ओळी इंग्रजी आली की आपली मुलं ती वाचत नाहीत, बटण शोधतात. यात त्यांचा दोष नाही, आयुष्यभर ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ केलेलं असतं. मी नियम केला: आधी डी दाबायचं. फरक पडद्यावर येतो, वजा चिन्हाच्या ओळी, अधिक चिन्हाच्या ओळी. त्या ओळींचा अर्थ तोंडाने सांगायचा, मग वाय किंवा एन. सुरुवातीला वैतागली. पण वर्षभराने त्यातल्याच एका मुलीने मला वेब सर्व्हरच्या फाइलमधला असा फरक दाखवला जो मी नजरेखालून घातलाच असता, पण इतक्या बारकाईने नाही. शेल प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांमधून ती जे शिकली त्याहून हे मला मोठं वाटतं, पण याला परीक्षेत गुण नाहीत.

उबुंटूची मुलांना भुरळ होती आणि तिला कारण होतं. दिसायला देखणं, वाय-फाय लगेच चालायचं, गाणी लागायची. ते डेबियनमधूनच निघालेलं, म्हणजे परकंही नव्हे. पण ते दर सहा महिन्यांनी नवं येतं, आणि आमची प्रात्यक्षिक-पुस्तिका छापलेली असते. २०१०च्या एप्रिलमधल्या आवृत्तीत खिडक्या बंद करायची बटणं उजवीकडून डावीकडे गेली. पुढच्या एप्रिलमध्ये युनिटी आलं आणि मेनूच नाहीसा झाला. घरच्या संगणकाला अशी हौस शोभते. जिथे सहा मॅडम-सर पुस्तिकेतल्या चित्रावर बोट ठेवून शिकवतात, तिथे शोभत नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. एकदा आली की तिच्यातल्या वस्तूंच्या आवृत्त्या गोठतात. पुढे सुरक्षेची भोकं तेवढी बुजवली जातात, आणि तीही शक्यतो जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावून, नवी आवृत्ती न आणता. मुलांना हे शिळं वाटतं. ‘सर, आपलं फायरफॉक्स म्हातारं आहे.’ असू दे. पुस्तिका दोन वर्षं चालते आणि जूनमध्ये शिकवलेलं मार्चच्या परीक्षेत जागच्या जागी असतं.

डेबियनच्या आवृत्त्यांना नावं मात्र म्हातारी नाहीत, ती ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या पात्रांची असतात. सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते, त्याचा हा परिणाम. एच, लेनी, स्क्वीझ, व्हीझी, जेसी. आणि जिथे सगळा नवा माल आधी येऊन पडतो, त्या कायम अस्थिर शाखेचं नाव ‘सिड’. सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. मुलांना हे सांगितलं की ‘आपण सिड टाकू या’ असा आग्रह सुरू होतो.

आता थोडं कडू. आपण कुणाच्या तरी निर्णयावर विसंबतो म्हणजे त्या निर्णयाच्या चुकाही आपल्या घरी येतात. सप्टेंबर २००६मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या पॅकेजमध्ये एक बदल झाला. मेमरी तपासणारं एक साधन दोन ओळींवर सारखं कुरकुरत होतं, म्हणून देखभाल करणाऱ्याने त्या ओळी बाजूला काढल्या. त्याने आधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंही होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती. पण त्यातली एक ओळ यादृच्छिकतेचं सगळं मिश्रण आत ओतणारी होती. ती गेल्यावर गुप्त किल्ली बनवताना बेभरवशाचं असं काही उरलंच नाही, उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक. तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे अब्जावधी अब्ज शक्यतांमधून निघायला हवी ती किल्ली, एकाच जातीच्या मशिनवर, एकाच प्रकारची आणि लांबीची असेल तर, इतक्याच मोजक्या किल्ल्यांपैकी एक. हे उघडकीला आलं १३ मे २००८ रोजी. मधल्या काळात ‘एच’ आवृत्ती याच दोषासकट बाहेर पडली होती आणि उबुंटूनेही तो वारशाने घेतला होता. जगभर लोकांना त्या काळातल्या एसएसएच किल्ल्या फेकून नव्या कराव्या लागल्या. डेबियनने फक्त दुरुस्ती दिली नाही, कमकुवत किल्ल्यांची यादीच पॅकेज म्हणून दिली, म्हणजे सर्व्हर त्यांना दारातच अडवेल.

त्या आठवड्यात एकाने मला डिवचलं, ‘हेच का तुझं डेबियन?’ हो, हेच. ती ओळ कुणी काढली, कधी काढली, आधी काय विचारलं, काय उत्तर मिळालं, हे सगळं मी माझ्या टेबलावर बसून वाचू शकलो. चूक झाकायला जागाच ठेवलेली नव्हती. तेव्हापासून मला एक सवय लागली. कोणतंही पॅकेज नीट वागत नसलं की आधी यूएसआर, शेअर, डॉक इथे जायचं, त्या पॅकेजच्या नावाची डिरेक्टरी उघडायची, ‘रीडमी डॉट डेबियन’ असेल तर ते वाचायचं, मग बदलांची नोंदवही. मूळ लेखकाने काय केलं आणि डेबियनने त्यात काय फेरफार केला, हे तिथे वेगवेगळं कळतं. गुगलवर मिळणारं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या मशिनचं असतं. हे आपल्या मशिनचं असतं.

सगळे निर्णय मला पटले असंही नाही. २०१४मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मशीन सुरू करण्याच्या व्यवस्थेवरून मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. इनिट-डी मधल्या शेल स्क्रिप्टा मी मुलांना शिकवायला वापरायचो. उघडली की वाचता येणारी, सुरुवात-थांब-पुन्हा सुरू अशी नाटुकली. त्या गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. काही जण रागावून बाहेर पडले आणि त्यांनी देवुआन नावाचं वेगळं घर थाटलं. मी गेलो नाही. वादातल्या दोन्ही बाजूंचं लिखाण वाचलं होतं, आणि जिंकलेल्या बाजूचे मुद्दे मला न आवडूनही खोडता येत नव्हते. दुसरा विषय वाय-फायचा. बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, ही डेबियनची जुनी शिस्त. तत्त्व म्हणून मान्य. पण एखादा मुलगा नवा लॅपटॉप घेऊन हौसेने यायचा आणि इन्स्टॉलर त्याच्याकडे फर्मवेअरची फाइल मागायचा. ती नेटवरून आणावी तर नेट त्याच वाय-फायवर. अशा वेळी मी गप्प उबुंटूची सीडी काढून द्यायचो. २०२२मध्ये मतदान होऊन हे बदललं आणि २०२३च्या ‘बुकवर्म’पासून लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. मला विचाराल तर दहा वर्षं उशिरा.

मराठीचा अनुभव मिश्र. इन्स्टॉलरच्या ग्राफिकल रूपात भाषांच्या यादीत मराठी आहे, लोहित फाँट आहे, आयबसवर इनस्क्रिप्ट आहे. नव्याने शिकणाऱ्याला काहीच अडत नाही. अडतं ते ऑफिसात, कारण युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली वर्षानुवर्षांची पत्रं उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. यात डेबियनचा काही संबंध नाही, ती पत्रं खरं तर कधीच ‘मराठीत’ साठवली गेली नव्हती. पण हे कारकुनाला पटवणं म्हणजे महाकठीण. त्याच्या लेखी कालपर्यंत दिसत होतं, आज दिसत नाही, आणि मधे फक्त मी येऊन गेलो.

मार्च २०२४ची गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनियर आपल्या डेबियन सिडच्या मशिनवर काही मोजमापं घेत होता. एसएसएचने आत शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या नजरेत भरलं. दुसरा कुणी चहा घेऊन आला असता. हा मागे लागला आणि त्याला एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात पेरलेलं चोरदार सापडलं. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं खपून, विश्वास कमावून, त्या प्रकल्पाच्या चाव्या मिळवल्या होत्या. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये ते विष होतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ५.४ची मालिका होती, त्यामुळे आमची लॅब सुरक्षित राहिली. शिळ्या वस्तू वापरण्याचा फायदा मी मुलांना सांगणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘पण सर, सगळेच स्टेबल वापरत असते तर हे सापडलं असतं का?’

त्याचं बरोबर होतं. माझी शांतता कुणाच्या तरी उतावळेपणावर उभी आहे. सिडवर बसलेली माणसं रोज आपलं मशीन पणाला लावतात, बग नोंदवतात, म्हणून दोन वर्षांनी माझ्या हातात न हलणारी वस्तू येते. त्या मुलाला मी त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सिड टाकायला परवानगी दिली. म्हणजे परवानगी कसली, तो टाकणारच होता. डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३मध्ये कोचीला झाली, तेव्हा तो अकरावीत होता. ती चुकली याची त्याला हळहळ आहे. अलीकडे त्याने बग नोंदवायला सुरुवात केली आहे आणि त्याच्या इंग्रजीची मी काळजी करणं सोडलं आहे.

ऑगस्ट २०२५मध्ये ‘ट्रिक्सी’ आली. तिच्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, कर्नलही नाही. आमच्या मागच्या रांगेत अशा काही मशिनी अजून होत्या, टायपिंगच्या सरावाला लावलेल्या. निर्णयाची कारणं समजण्यासारखी होती: नुसती ३२-बिट मशीन वापरणारे आणि तपासणारे फारसे उरले नाहीत. ‘बुकवर्म’वर त्या चालतील आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२८पर्यंत मिळतील, पण विभागप्रमुख म्हणाले, आत्ताच निर्लेखनाला घाला, प्रस्ताव मंजूर व्हायला तेवढाच वेळ लागतो. मी डेडस्टॉक रजिस्टर काढलं, तक्ता भरला. हेडक्लार्क म्हणाले, ‘कारणाच्या रकान्यात सपोर्ट बंद लिहिलंयत. कंपनीचं पत्र जोडा.’ डेबियन ही कंपनी नाही, तिच्या लेटरहेडवर पत्र येणार नाही, यावर आमची दुपार गेली. शेवटी मी रिलीज नोट्समधलं ते पान छापलं, त्याखाली मराठीत सारांश लिहिला, विभागप्रमुखांची सही घेतली आणि जोडलं. प्रस्ताव एका त्रुटीसह परत आला. पानावर जावक क्रमांक नव्हता. तो मी आमच्याच रजिस्टरचा घातला.